मराठी ब्लॉग शोधात सापडावा म्हणून: लेबले, फीड आणि हॅशटॅग यांची घडी कशी बसवावी

डेव्ह सिफ्री यांनी २००२ साली सुरू केलेले टेक्नोराटी आणि सप्टेंबर २००५ मध्ये आलेला गूगल ब्लॉग सर्च ही केवळ ब्लॉग धुंडाळण्यासाठी उभारलेली यंत्रे होती. नवी नोंद प्रसिद्ध झाली की ब्लॉगकडून त्यांना ‘पिंग’ म्हणजे तशी सूचना जाई, यंत्र येऊन ब्लॉगची फीड (ताज्या नोंदींची फाइल) वाचून जाई आणि थोड्याच वेळात ती नोंद शोधात दिसू लागे. जानेवारी २००५ मध्ये टेक्नोराटीने टॅगची पाने सुरू केली, तेव्हा एका शब्दाखाली ब्लॉगच्या नोंदी, फ्लिकरवरची छायाचित्रे आणि डिलिशसवर साठवलेले दुवे असे सगळे एकत्र वाचायला मिळू लागले. मराठीपुरते हे काम ‘मराठी ब्लॉग विश्व’सारख्या संकलकांनी केले, नोंदणी केलेल्या ब्लॉगांच्या ताज्या नोंदी ते एका पानावर मांडत असत. टेक्नोराटीने २०१४ साली ब्लॉगांची सूची बंद केली, गूगलचा ब्लॉगांसाठीचा वेगळा शोधही राहिला नाही, आणि आता मराठी ब्लॉगची नोंद मोठ्या शोधयंत्रात वृत्तपत्रे, दुकाने व चलच्चित्रे यांच्या गर्दीत उभी असते.

तिथे तिचा निभाव लागायचा असेल तर मधल्या यंत्रांनी केलेली बरीचशी कामे आता लिहिणाऱ्याने स्वतः करावी लागतात. त्यांतले सर्वांत दुर्लक्षित काम लेबलांचे, म्हणजे नोंदीला तिच्या विषयानुसार जोडायच्या शब्दांचे आहे (वर्डप्रेसवर यांनाच टॅग म्हणतात), आणि मराठीत ते इंग्रजीपेक्षा जास्त मोलाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून पुढच्या मजकुराचा मोठा भाग त्यालाच दिला आहे. ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन सोयी बहुतेक मराठी ब्लॉगलेखक वापरतात; उदाहरणे त्यांचीच घेतली आहेत.

लेबल निवडताना

मराठीत नाम वाक्यात आले की त्याचे सामान्यरूप होते. पुणे वाक्यात ‘पुण्यात’ किंवा ‘पुण्याच्या’ होते, पाऊस ‘पावसाने’ होतो, विहीर ‘विहिरीत’ होते, फूल ‘फुलांचे’ होते. पुण्यातल्या पावसावर हजार शब्दांचा लेख लिहिला तरी त्यात ‘पुणे’ आणि ‘पाऊस’ हे शब्द मूळ रूपात एकदाही आलेले नसणे अगदी शक्य आहे. शोधणारा मात्र चौकटीत ‘पुणे पाऊस’ असेच टंकतो. मोठी शोधयंत्रे अशी रूपे काही प्रमाणात जुळवतात, पण ब्लॉगच्या आतल्या शोधचौकटीकडून ही अपेक्षा धरता येत नाही. वर्डप्रेसचा मूळ शोध दिलेली अक्षरे मजकुरात सलग आहेत का, एवढेच पाहतो. त्यामुळे तिथे ‘घाट’ टंकल्यास ‘घाटात’ सापडते, ‘रस्ता’ टंकल्यास ‘रस्त्यावर’ सापडत नाही. शब्द प्रथमेत, विकाराशिवाय, खात्रीने उभा असतो अशी नोंदीतली जागा एकच, ती म्हणजे लेबल. शीर्षकाचाही तसा भरवसा नाही, कारण ‘पावसातले पुणे’ हे शीर्षक ‘पाऊस पुणे’पेक्षा कोणालाही अधिक आवडेल, आणि ते तसेच असावे.

यावरून पहिला नियम निघतो: लेबल नेहमी प्रथमेत द्यावे आणि त्याला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडू नये. ‘कोकणातील’, ‘पुस्तकांविषयी’, ‘गाण्यांबद्दल’ अशी लेबले मराठी ब्लॉगांवर पुष्कळ दिसतात. त्यांच्या जागी ‘कोकण’, ‘पुस्तके’, ‘गाणी’ पुरतात. एकवचन की अनेकवचन हा प्रश्न उरतो. जिथे एका लेबलाखाली अनेक वस्तू जमा होणार तिथे अनेकवचन घ्यावे (किल्ले, पुस्तके, पाककृती), आणि जिथे शब्द विषयाचे नाव आहे तिथे एकवचन (इतिहास, संगीत, शेती). एखाद्याने उलट ठरवले तरी बिघडत नाही, मात्र एकदा ठरवल्यावर ते बदलू नये.

एक उदाहरण सविस्तर पाहू. जुन्नरजवळच्या नाणेघाटाची सहल आणि तिथल्या लेण्यातला सातवाहनकालीन ब्राह्मी लेख यांवर एक नोंद लिहिली आहे असे धरा. मजकुरात ‘नाणेघाटातल्या लेण्यात’, ‘जुन्नरहून निघालो’, ‘राणी नागनिकेच्या लेखात’ असे शब्द असतील. ‘शिलालेख’ हा शब्द कदाचित कुठेच नसेल, कारण लिहिणाऱ्याने प्रत्येक वेळी नुसते ‘लेख’ म्हटले असेल. ही नोंद वेगवेगळे वाचक वेगवेगळ्या वाटांनी शोधणार आहेत. कोणाला जागा हवी आहे, कोणाला सातवाहनांचा काळ, कोणाला ब्राह्मी लिपी, तर कोणाला नुसते शनिवारी जाण्यासारखे ठिकाण. म्हणून स्थळ, विषय आणि लेखनप्रकार या तिन्ही बाजूंनी एक-दोन शब्द घ्यावेत: नाणेघाट, जुन्नर, सातवाहन, शिलालेख, प्रवासवर्णन. ही पाच लेबले पुरेत. ‘महाराष्ट्र’, ‘भारत’, ‘निसर्ग’, ‘सुंदर’ असे शब्द भरीला घालू नयेत, कारण ज्या लेबलाखाली ब्लॉगच्या निम्म्या नोंदी येतात ते लेबल वाचकाला काहीच निवडून देत नाही. ब्लॉगरवर एका नोंदीची सगळी लेबले मिळून २०० चिन्हांपर्यंतच लांबी चालते. त्या मर्यादेपर्यंत पोहोचायची वेळ आली तर लेबलांच्या जागी वाक्ये लिहिली जात आहेत असे समजावे.

मराठी ब्लॉगांवर एक खास घराणे आहे: ‘मनातलं’, ‘सहजच’, ‘असंच काहीतरी’, ‘थोडंसं’. ही लेबले लिहिणाऱ्याची मनःस्थिती सांगतात, नोंद कशाबद्दल आहे ते सांगत नाहीत, आणि त्यांच्या आधाराने कोणी कधी काही शोधत नाही. ज्यांना ती प्रिय आहेत त्यांनी ती ठेवावीत, पण सोबत विषयाचे एक लेबल द्यावे.

टॅग देणाऱ्या वाचकांनीच मिळून उभ्या केलेल्या वर्गवारीला टॉमस व्हँडर वॉल यांनी २००४ साली ‘फोकसोनॉमी’ असे नाव दिले. वरून ठरवलेली विषयसूची नाही, ज्याला जो शब्द सुचेल तो त्याने द्यावा आणि हजारो लोकांच्या शब्दांतून वर्गवारी आपोआप तयार व्हावी, ही त्यामागची कल्पना होती. डिलिशसवर ती चालली, कारण एकाच दुव्याला शेकडो जण टॅग देत आणि विक्षिप्त शब्द गर्दीत बुडून जात. एकट्याच्या ब्लॉगवर ही गर्दी नसते. तिथे ग्रंथपालाची शिस्तच कामी येते: वापरात असलेल्या लेबलांची एक यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी, नवी नोंद टाकताना आधी यादी पाहावी, आणि नवा शब्द घ्यायचाच असेल तर तो यादीत लिहून मगच वापरावा. ‘प्रवास’, ‘प्रवासवर्णन’, ‘भटकंती’ आणि ‘सहल’ ही चार लेबले एकाच ब्लॉगवर नांदू लागतात, ती ही यादी नसल्यामुळे.

दिसायला एक, साठवणीत दोन

यादी असूनही लेबले दुभंगतात, त्याचे कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत आहे. काही मराठी अक्षरे एकाहून अधिक प्रकारे टंकता येतात. पडद्यावर ती सारखी दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते निरनिराळे शब्द असतात. ब्लॉगच्या बाजूपट्टीत ‘कॉफी’ हे लेबल दोनदा दिसते, एकापुढे सात नोंदी आणि दुसऱ्यापुढे तीन, अशी स्थिती असेल तर हाच घोळ झाला आहे असे समजावे.

मराठीत याची तीन ठिकाणे विशेष त्रास देतात. पहिले ठिकाण ‘ऑ’च्या मात्रेचे. ‘कॉफी’मधला ‘ॉ’ हे एकच चिन्ह आहे, पण पुष्कळ जण आधी काना आणि मग वरचा चंद्र असे दोन तुकडे टंकतात. बहुतेक फाँटमध्ये फरक कळतही नाही. दुसरे ठिकाण ‘ॲ’चे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या लिखाणात ‘अ’वर चंद्र चढवून किंवा हिंदी वळणाचा ‘ऍ’ वापरून काम भागवलेले असते. त्यामुळे ‘ॲप’ या एका शब्दाचे महाजालावर तीन अवतार आहेत. तिसरे ठिकाण अस्सल मराठी आहे: ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र. तो ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून करता येतो, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह देऊन करता येतो. जुन्या नोंदींत दुसरी पद्धत फार आढळते.

आपल्या मजकुरात यांपैकी कोणते रूप आहे, हे पाहायला खास साधन लागत नाही. अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून बॅकस्पेसची कळ एकदाच दाबावी. ‘कॉ’मधली पूर्ण मात्रा गेली आणि ‘क’ उरला तर ते एक चिन्ह आहे. वरचा चंद्र तेवढा गेला आणि ‘का’ उरले तर ते दोन तुकडे आहेत. ‘ॲ’ची परीक्षा अशीच: कळ दाबल्यावर ‘अ’ मागे राहिला तर ते जुने जोडकाम आहे. बहुतेक संपादकांत ही युक्ती चालते.

दुरुस्ती करताना एकेका चिन्हाची सलग रूपे प्रमाण मानावीत, म्हणजे ‘ॉ’, ‘ॲ’ आणि ‘ऱ’. राज्य शासनाने २००९ साली प्रमाणित केलेल्या मराठी वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्वरांत जागा आहे, तेव्हा त्यांसाठी वेगळा आधार शोधायची गरज नाही. आधी लेबले दुरुस्त करावीत, मग शीर्षके, आणि सवड असेल तर मजकूर. ब्लॉगरच्या नोंदींच्या यादीत चुकीच्या लेबलाच्या सगळ्या नोंदी गाळून घ्याव्यात, त्या एकदम निवडून योग्य लेबल लावावे आणि मग चुकीचे काढावे. हा क्रम उलटा केला तर लेबल काढताच नोंदी यादीतून निसटतात आणि पुन्हा शोधत बसावे लागते. वर्डप्रेसवर टॅगच्या व्यवस्थापनाच्या पानावर टॅगचे नाव बदलता येते, परंतु ज्या नावाचा टॅग आधीच आहे ते नाव दुसऱ्याला देऊन दोन्ही एक होत नाहीत. तिथे नोंदी घाऊक संपादनात निवडून त्यांना योग्य टॅग जोडावा आणि मग चुकीचा टॅग पुसून टाकावा. टॅग पुसल्याने नोंद पुसली जात नाही, याची धास्ती बाळगू नये.

ज्यांच्या जुन्या नोंदी युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत, त्यांच्यासाठी वरचे सगळे नंतरचे. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फाँटमधला मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरांची निरर्थक ओळ असतो आणि कोणत्याही शोधयंत्राला तो मराठी म्हणून वाचता येत नाही. तो आधी परिवर्तकातून काढून युनिकोडमध्ये आणावा, आणि जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावेत, कारण चुका तिथेच राहतात.

नोंदीचा पत्ता

ब्लॉगर नोंदीचा पत्ता शीर्षकावरून तयार करतो, पण देवनागरी अक्षरे गाळून टाकतो. शीर्षक पूर्ण मराठी असले की हाती काहीच उरत नाही आणि पत्त्यात नुसते ‘ब्लॉग पोस्ट’ असे इंग्रजी शब्द व पुढे एखादा आकडा येतो. शेकडो मराठी नोंदी या एकाच नावाने महाजालावर वावरत आहेत. उपाय सोपा आहे, मात्र तो प्रसिद्धीपूर्वीच करावा लागतो: उजवीकडच्या रकान्यात स्थायी दुव्याचा पर्याय उघडून त्यात दोन-तीन रोमन शब्द स्वतः टंकावेत. वरच्या उदाहरणात नाणेघाट आणि शिलालेख हे शब्द रोमन लिपीत, मध्ये जोडरेघ देऊन लिहावेत. याचा दुसरा फायदा असा की जे मराठी वाचतात पण शोध रोमन लिपीत टंकतात, आणि अशांची संख्या लहान नाही, त्यांच्यासाठी नोंदीत एक रोमन धागा राहतो. लेबलांत रोमन शब्द मिसळण्यापेक्षा ही जागा त्यासाठी कितीतरी बरी.

वर्डप्रेस देवनागरी अक्षरे ठेवतो, पण पत्त्यात प्रत्येक अक्षराचे आणि प्रत्येक मात्रेचे नऊ चिन्हांचे सांकेतिक रूप होते. पत्त्याच्या या भागाला २०० चिन्हांची मर्यादा असल्याने साधारण बाविसाव्या अक्षर-मात्रेनंतर शीर्षक तोडले जाते. असा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसते आणि वाचणारा ती उघडायला कचरतो. इथेही रोमन पत्ता स्वतः द्यावा. जुन्या, प्रसिद्ध झालेल्या नोंदींचे पत्ते मात्र केवळ नीटनेटकेपणासाठी बदलू नयेत. कोणीतरी कुठेतरी दिलेले दुवे त्याने तुटतात.

फीड आणि वर्गणीदार

फीड म्हणजे ब्लॉगच्या ताज्या नोंदींची यंत्राला वाचता येईल अशी फाइल. आरएसएसची पहिली आवृत्ती १९९९ साली नेटस्केपने काढली, ॲटम हे तिचे भावंड २००५ साली प्रमाणित झाले, आणि ब्लॉगर व वर्डप्रेस दोन्ही ही फाइल आपण न सांगता तयार करतात. गूगल ब्लॉग सर्चने शोधासाठी याच फाइलीचा आधार घेतला होता, म्हणून ज्यांनी फीडमध्ये फक्त पहिला परिच्छेद दिला त्यांचा उरलेला लेख त्या शोधाला दिसतच नसे. आजही फीड पूर्ण द्यावी, असे मी सुचवीन. अर्धवट फीड देऊन वाचकाला ब्लॉगवर खेचता येते हा हिशेब जाहिरातींवर जगणाऱ्या संकेतस्थळांचा आहे. हौशी मराठी ब्लॉगला वाचक मिळाला हीच कमाई असते. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये फीडचा विभाग आहे, तिथे ‘पूर्ण’ हा पर्याय निवडावा.

लेबलांची घडी नीट बसली असेल तर तिचा लाभ इथे दिसतो, कारण प्रत्येक लेबलाची स्वतंत्र फीड मिळते. ब्लॉगरवर ब्लॉगच्या पत्त्यापुढे तिरप्या रेघांनी वेगळे केलेले फीड्स, पोस्ट्स आणि डीफॉल्ट हे शब्द रोमन लिपीत द्यावेत, मग आणखी एक तिरपी रेघ, एक जोडरेघ, पुन्हा तिरपी रेघ आणि शेवटी लेबल जसेच्या तसे मराठीत. वर्डप्रेसवर टॅगच्या पानाच्या पत्त्याला ‘फीड’ हा शब्द जोडला की झाले. ज्याला आपल्या ब्लॉगवरच्या पाककृती हव्यात पण राजकारण नको, त्याला एवढाच दुवा पाठवता येतो.

जुन्या मराठी ब्लॉगांच्या बाजूपट्टीत ‘नव्या नोंदी ईमेलने मिळवा’ अशी चौकट अजून दिसते. ती बहुधा फीडबर्नर या गूगलच्या फीड वाटणाऱ्या सेवेची असते, आणि फीडबर्नरने ईमेल पाठवणे २०२१ सालीच थांबवले आहे. ती काढून टाकावी आणि तिच्या जागी फीडचा साधा दुवा द्यावा.

वाचकाच्या बाजूने पाहता फीड वाचायला फीडली, इनोरीडर यांसारख्या सेवा आहेत, आणि ज्यांचा स्वतःचा सर्व्हर आहे त्यांना फ्रेशआरएसएस बसवता येते. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाला तेव्हा ज्यांनी आपल्या फीडची यादी ओपीएमएल फाइलमध्ये उतरवून घेतली होती, त्यांना दुसऱ्या सेवेत जायला काही मिनिटे लागली. इतरांपैकी अनेकांची वर्षानुवर्षे जमवलेली यादी गेली. ओपीएमएलची निर्यात फीड वाचणाऱ्या प्रत्येक बऱ्या सेवेत असते. ती वर्षातून दोनदा उतरवून ठेवावी.

शोधयंत्राला कळवणे

इथे फार काही करायचे नसते. पूर्वीच्या पिंग सेवांच्या याद्या जुन्या मार्गदर्शिकांत सापडतात, त्या आता निरुपयोगी आहेत. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये ब्लॉगची मालकी सिद्ध करून साइटमॅपचा (ब्लॉगच्या पानांची यादी असलेल्या फाइलीचा) पत्ता एकदाच द्यावा. बिंग आणि यांडेक्स यांनी २०२१ साली इंडेक्सनाऊ नावाची सोय काढली आहे, तिच्याद्वारे नवी नोंद निघताच यंत्राला कळवता येते. गूगल तीत सहभागी नाही. वर्डप्रेससाठी तिचे प्लगइन (वर्डप्रेसला जोडून घ्यायची छोटी प्रणाली) मिळते. ब्लॉगरवर मात्र एक गोष्ट न विसरता पाहावी: सेटिंग्जमध्ये ‘शोधयंत्रांना दिसू द्या’ असा खटका आहे, आणि प्रयोग म्हणून काढलेल्या ब्लॉगवर तो कधीकाळी बंद केलेला असतो.

दुसऱ्यांचे ब्लॉग शोधताना

सामान्यरूपाची अडचण शोधणाऱ्यालाही येते. म्हणून एकच शब्द देऊन थांबू नये. मूळ रूप, सामान्यरूप आणि रोमन रूप अशा तिन्ही प्रकारे शोध घ्यावा. ‘पुणे’, ‘पुण्यातील’ आणि रोमन लिपीतले पुणे यांचे निकाल आश्चर्य वाटावे इतके वेगळे येतात. त्याचप्रमाणे ‘नाणेघाट’ व ‘नाणे घाट’ अशी जोडून आणि तोडून लिहिलेली रूपे, तसेच ह्रस्वदीर्घाच्या प्रचलित चुकाही वापरून पाहाव्यात. शुद्धलेखनाचा अभिमान शोधचौकटीबाहेर ठेवलेला बरा.

शोध केवळ ब्लॉगांपुरता आणायचा तर गूगलच्या चौकटीत ‘साइट’ हा इंग्रजी शब्द रोमन लिपीत टंकावा, त्याला लागून अपूर्णविराम द्यावा आणि जागा न सोडता ब्लॉगस्पॉट डॉट कॉम किंवा वर्डप्रेस डॉट कॉम हा पत्ता लिहावा. त्यापुढे शोधायचे शब्द अवतरणचिन्हांत दिले की ते तसेच्या तसे शोधले जातात. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ हे शब्द याच रीतीने वर्षासह दिल्यास काळ ठरवता येतो. २००८ ते २०१२ या काळातल्या नोंदी हव्या असतील तर ही जोडी फार उपयोगी पडते, कारण एरवी निकालांत ताज्या बातम्याच वर येतात. वर्डप्रेस डॉट कॉमच्या रीडरमध्ये टॅगनुसार नोंदी पाहण्याची सोय अजून आहे. टेक्नोराटीच्या टॅगपानांच्या जवळ जाणारे आता एवढेच उरले आहे, आणि तिथे ‘मराठी’ हा टॅग पाहायला विसरू नये.

सापडलेला दुवा उघडत नसेल तर आधी पत्त्याचे शेपूट पाहावे. ब्लॉगस्पॉट डॉट इन असा पत्ता असेल तर तिथे ‘इन’च्या जागी ‘कॉम’ करावे. काही वर्षे ब्लॉगर भारतातल्या वाचकांना ‘इन’च्या पत्त्यावर वळवत असे, लोकांनी तोच पत्ता उतरवून घेतला, आणि २०२० साली ते नाव गूगलच्या हातून गेले. त्यामुळे जुन्या मराठी नोंदींतले असंख्य दुवे मेल्यासारखे दिसतात, पण नोंद मूळ जागी सुखरूप असते. आपल्या ब्लॉगवर असे दुवे असतील तर ते दुरुस्त करावेत. एवढे करूनही पान उघडले नाही, तर तो पत्ता जुन्या पानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून पाहावा.

मिळालेले दुवे कुठेतरी टॅग देऊन ठेवावे लागतातच. जोशुआ शॅक्टर यांच्या डिलिशसने २००३ साली ही सवय लावली. २००५ साली याहूने ते विकत घेतले, २०११ साली पुढे विकले, आणि २०१७ साली ते पिनबोर्डच्या मालकीचे झाले. स्टंबलअपॉन २०१८ साली बंद झाले, पॉकेट ८ जुलै २०२५ रोजी. या क्षेत्रात सेवा टिकतील असे गृहीत धरणे भोळेपणाचे आहे. पिनबोर्ड, रेनड्रॉप किंवा स्वतःच्या सर्व्हरवरचे लिंकडिंग, काहीही निवडावे, पण निवडण्यापूर्वी टॅगसह निर्यात मिळते का ते पाहावे. ब्राउझरांना समजणारी बुकमार्कांची एचटीएमएल फाइल मिळत असेल तर पुरे. टॅग देताना ब्लॉगच्या लेबलांची तीच यादी वापरली की दोन्हीकडे एकच शब्द राहतो.

हॅशटॅग देताना

२३ ऑगस्ट २००७ रोजी क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर शब्दाआधी ‘#’ ही खूण देऊन गट करण्याची सूचना केली आणि टॅग नोंदीच्या तळातून वाक्याच्या मधोमध आला. मराठीत नेमके तेच अडचणीचे आहे. वाक्यात शब्दाला प्रत्यय लागतो, आणि ‘#नाणेघाटात’ हा ‘#नाणेघाट’पेक्षा वेगळा टॅग ठरतो. प्रत्यय तोडून ‘#नाणेघाट मध्ये’ असे लिहिणे कानाला खटकते. तेव्हा वाक्य सरळ मराठीत लिहावे आणि हॅशटॅग शेवटी, वेगळ्या ओळीत, मूळ रूपात द्यावेत. दोन शब्द असतील तर मध्ये खालची रेघ द्यावी, म्हणजे ‘#मराठी_ब्लॉग’. जागा सोडली की टॅग तिथेच संपतो.

देवनागरीत आणखी एक तांत्रिक खोडी आहे. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडच्या दृष्टीने अक्षरे नव्हेत, अक्षरांना जोडली जाणारी चिन्हे आहेत. फक्त अक्षरेच टॅगमध्ये धरणारी सेवा ‘#मराठी’चा ‘#मर’ करून ठेवते. अर्ध्या रसाठी वापरलेल्या न दिसणाऱ्या जोडचिन्हावरही टॅग तुटू शकतो, आणि हे ‘ऱ’ वापरण्याचे आणखी एक कारण. नव्या सेवेवर आल्यावर पहिल्याच मजकुरात एक जोडाक्षरी टॅग देऊन तो शेवटपर्यंत रंगतो का, हे पाहून घ्यावे.

मॅस्टडॉन या अनेक स्वतंत्र सर्व्हर जोडून चालणाऱ्या समाजमाध्यमावर या शिस्तीला विशेष अर्थ आहे. तिथे मजकुराचा शोध लेखकाने परवानगी दिली तरच चालतो, म्हणून अनोळखी वाचक येतो तो प्रामुख्याने हॅशटॅगवरून, आणि २०२२ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून माणसाप्रमाणे हॅशटॅगचाही पाठपुरावा करता येतो. पुण्यात, शारजात किंवा न्यू जर्सीत बसून ‘#मराठी’चा पाठपुरावा करणाऱ्याला त्या टॅगचा मजकूर त्याचा सर्व्हर ज्या सर्व्हरांशी जोडलेला आहे तिथून येत राहतो. वर्डप्रेसचा ब्लॉग असेल तर ॲक्टिव्हिटीपबचे (या सर्व्हरांना एकमेकांशी जोडणाऱ्या पद्धतीचे) प्लगइन बसवावे. त्यानंतर ब्लॉग स्वतःच एक खाते बनतो, मॅस्टडॉनवरचे वाचक त्याचा पाठपुरावा करू शकतात, आणि नोंदीला दिलेले टॅग तिकडे हॅशटॅग होऊन जातात. ब्लॉगरला ही सोय नाही; तिथे नोंदीचा दुवा आणि हॅशटॅग हातानेच द्यावे लागतात.

शेवटचे काम साठवणीचे. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये ‘ब्लॉग व्यवस्थापन’ या भागात मजकुराची प्रत उतरवून घेण्याची सोय आहे. त्या फाइलीत नोंदी, प्रतिक्रिया आणि प्रत्येक नोंदीची लेबले येतात. छायाचित्रांचे मात्र फक्त दुवे येतात, म्हणून मूळ चित्रे वेगळी जपावीत. लेबलांची मोठी दुरुस्ती हाती घेण्याआधी ही प्रत काढून ठेवावी, आणि दुरुस्ती संपल्यावर पुन्हा एकदा.